ॲप्ट अडकलंय? तुटकी आणि दुबार पॅकेजेस कोणत्या क्रमाने दुरुस्त करायची

उबुंटू, लिनक्स मिंट किंवा डेबियन या लिनक्स सिस्टिमवर ॲप्ट (सॉफ्टवेअरची पॅकेजेस बसवणारं आणि काढणारं साधन) वापरताना पॅकेज अडकलं की बहुतेक जण एररची शेवटची ओळ कॉपी करतात, इंटरनेटवर सापडेल ती कमांड चिकटवतात आणि विचारलं की 'वाय' दाबतात. निम्म्या वेळा काम होतं. उरलेल्या वेळी डेस्कटॉप गायब होतो, वायफाय जातं, आणि साध्या बिघाडाचं रूपांतर नव्याने इन्स्टॉल करण्यात होतं. कमांड बहुधा बरोबरच असतात, चुकतो तो क्रम. अर्धवट राहिलेलं आधी पूर्ण करायचं, मग रेपो (पॅकेजेस जिथून उतरतात ते साठे) साफ करायचे, आणि डिपेंडन्सी (एका पॅकेजला लागणारी दुसरी पॅकेजेस) सोडवायला ॲप्टला त्यानंतरच सांगायचं.

कमांडबद्दल एक सूचना. त्या इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लहान अक्षरांत टाइप करायच्या, मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगितलं आहे. डॅश एक आहे की दोन, हे नीट पाहा.

## आधी पाहा, बिघाड आहे का?

बऱ्याच जणांची मोडतोड सुरू होते ती न बिघडलेल्या गोष्टी दुरुस्त करायला गेल्यामुळे. पुढच्या गोष्टी दिसल्या तर हात लावू नका.

- 'केप्ट बॅक' किंवा 'डिफर्ड ड्यू टु फेझिंग': उबुंटू काही अपडेट सगळ्यांना एकदम न देता टप्प्याटप्प्याने देतं. तुमची पाळी आली की ते आपोआप येतं. 'केप्ट बॅक' दुसऱ्या कारणानेही येऊ शकतं, पण थोडे दिवस थांबून बघण्यात नुकसान काही नाही.
- एकच लायब्ररी दोनदा दिसणं, एकदा 'एएमडी६४' आणि एकदा 'आय३८६' शेपटीसह: ही दुबार नाही. स्टीम किंवा वाइनसारख्या प्रोग्रॅमना ३२-बिट जोडी लागते.
- दोन-तीन कर्नल (लिनक्सचा मूळ भाग): मुद्दाम ठेवलेले असतात. नवा चालू झाला नाही तर जुन्यावरून बूट करता यावं म्हणून.
- 'स्नॅप लिस्ट --ऑल' मध्ये 'डिसेबल्ड' लिहिलेली जुनी आवृत्ती: मागे फिरता यावं म्हणून स्नॅपने (ॲप बसवण्याची उबुंटूची वेगळी पद्धत) राखलेली प्रत.
- उबुंटू २२.०४ किंवा त्यापुढे फायरफॉक्स डेबमध्येही (ॲप्टचं नेहमीचं पॅकेज) दिसतो आणि स्नॅपमध्येही: तिथलं डेब पॅकेज नुसतं वाट दाखवणारं आहे, खरा ब्राउझर स्नॅपमध्ये असतो.

आता खऱ्या बिघाडाची चौकशी. डीपीकेजी म्हणजे ॲप्टच्या हाताखाली पॅकेजेस प्रत्यक्ष बसवणारा प्रोग्रॅम.

`डीपीकेजी --ऑडिट`
`सुडो ॲप्ट-गेट चेक`

पहिली कमांड काहीच बोलली नाही आणि दुसरीने एरर दिली नाही, तर पॅकेजचा डेटाबेस ठीक आहे. तुमचा प्रश्न मग रेपोचा (टप्पा ४) किंवा दुबार ॲपचा (टप्पा ८) असणार.

## टप्पा १: तयारी

लॅपटॉप चार्जरला लावा. डेस्कटॉपला यूपीएस नसेल आणि वीज ये-जा करत असेल, तर आज हे काम काढू नका. अर्धवट पॅकेजेसचं एक नेहमीचं कारण अपडेट चालू असताना गेलेली वीज हे असतं.

मग तीन गोष्टी जपून ठेवा.

`सुडो सीपी /व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस ~/स्टेटस-आधी`
`डीपीकेजी --गेट-सिलेक्शन्स > ~/यादी-आधी`
`ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल > ~/मॅन्युअल-आधी`

'स्टेटस' ही फाइल म्हणजे कोणतं पॅकेज कोणत्या अवस्थेत आहे याची डीपीकेजीची वही. तिसरी यादी सगळ्यात कामाची, कारण तुम्ही स्वतः मागवलेली पॅकेजेस तिच्यात असतात. दुरुस्तीत काही उडालं तर परत काय आणायचं ते तिच्यावरून कळतं. मिंटवर टाइमशिफ्ट (सिस्टिमची प्रत राखणारं साधन) असतंच, त्याचा एक स्नॅपशॉट घ्या.

शेवटी, बिघाड कशाने झाला ते वाचा. `/व्हार/लॉग/ॲप्ट/हिस्टरी.लॉग` मध्ये कोणत्या कमांडने काय बदललं हे तारखेसह असतं, आणि शेजारच्या `टर्म.लॉग` मध्ये त्या वेळी पडद्यावर काय उमटलं ते. एरर नेहमी वरून खाली वाचायची. शेवटच्या ओळीत फक्त परिणाम असतो. कारण तिच्या दहा-वीस ओळी वर दडलेलं सापडतं.

## टप्पा २: कुलूप आणि जागा

'कुड नॉट गेट लॉक' आलं की इंटरनेटवर पहिला सल्ला मिळतो तो लॉक फाइल उडवण्याचा. तो पाळू नका. कुलूप म्हणजे ती फाइल नव्हे. चालू असलेल्या प्रोसेसने कर्नलकडे त्या फाइलवर घेतलेला ताबा, ते खरं कुलूप. प्रोसेस संपली की ताबा आपोआप सुटतो, फाइल तिथे पडून राहिली तरी फरक पडत नाही. उलट फाइल उडवली तर नवी तयार होते, तिच्यावर दुसरी प्रोसेस ताबा घेते, आणि दोघी एकाच वेळी एकाच वहीत लिहू लागतात.

कोणी धरून ठेवलंय ते पाहा.

`सुडो फ्यूझर -व्ही /व्हार/लिब/डीपीकेजी/लॉक-फ्रंटएंड`

नाव 'अनअटेंडेड-अपग्र...' असं अर्धवट दिसलं तर पार्श्वभूमीला आपोआप अपडेट चालू आहे. चहा घ्या, थांबा. नुकतंच मशीन सुरू केलं असेल तर हे बरेचदा दिसतं. नाव 'ॲप्ट' किंवा 'डीपीकेजी' असेल तर दुसऱ्या टर्मिनलमध्ये एखादा प्रश्न तुमच्या उत्तराची वाट पाहत बसला आहे का, ते शोधा.

मग जागा. पहिली कमांड डिस्क किती भरली ते दाखवते, दुसरी फाइलींच्या नोंदींची मर्यादा किती वापरली गेली ते.

`डीएफ -एच`
`डीएफ -आय`

'/' किंवा '/बूट' शंभर टक्के भरलं असेल तर पुढची दुरुस्ती अडकेल. '/' भरलं असेल तर `सुडो ॲप्ट क्लीन` ने उतरवलेल्या डेब फाइली जातात, त्यात धोका नाही. '/बूट' वेगळ्या पार्टिशनवर असेल तर ते जुन्या कर्नलनी भरतं. आधी `सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज` करून पाहा. ते डिपेंडन्सीच्या कारणाने नकार देत असेल तर `यूनेम -आर` ने सध्या चालू असलेला कर्नल पाहून घ्या, तो आणि सगळ्यात नवा सोडा, आणि सर्वांत जुन्या एकाचं नाव देऊन काढा.

`सुडो डीपीकेजी --पर्ज लिनक्स-इमेज-(जुना क्रमांक)-जेनेरिक`

त्याच क्रमांकाचं 'लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा' त्याच्यावर अवलंबून आहे अशी तक्रार आली, तर तेही नाव त्याच कमांडमध्ये पुढे जोडा.

धोका: '/बूट' मधल्या फाइली 'आरएम' ने हाताने उडवू नका. डीपीकेजीच्या वहीत त्या तशाच राहतात आणि पुढचा प्रत्येक अपडेट त्यांच्यावर अडखळतो.

## टप्पा ३: अर्धवट राहिलेलं पूर्ण करा

`सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए`

याला इंटरनेट लागत नाही. उलगडलेली पण मांडणी न झालेली पॅकेजेस ही कमांड पुरी करते. वीज जाऊन झालेले बरेचसे बिघाड इथेच संपतात.

मध्येच एखादा प्रश्न येऊ शकतो, की ईटीसीमधली अमुक फाइल तुम्ही बदलली आहे, पॅकेजचीही नवी आवृत्ती आली आहे, कोणती ठेवू? घाईत एंटर दाबला तर तुमची जुनी फाइल राहते, आणि बहुतेकदा तेच योग्य असतं. पण आधी 'डी' दाबून दोन्हींतला फरक पाहा. ती फाइल तुम्ही कधी उघडलीही नसेल तर 'वाय' द्यायला हरकत नाही.

आता अवस्था बघा.

`डीपीकेजी -एल | ग्रेप -व्ही '^आयआय'`

सुरुवातीच्या शीर्षकाच्या ओळी सोडून द्या. प्रत्येक ओळीच्या आरंभी दोन अक्षरं असतात. पहिलं म्हणजे तुम्हाला काय हवं होतं, दुसरं म्हणजे प्रत्यक्षात काय झालं.

- 'आय-आय': हवं होतं, बसलं. ठीक. वरच्या कमांडने ही गाळलेली असतात.
- 'आर-सी': काढलं, सेटिंगच्या फाइली राहिल्या. बिघाड नाही.
- 'आय-यू' (यू मोठा): उलगडलं, मांडणी बाकी.
- 'आय-एफ' (एफ मोठा): मांडणी करताना फसलं.
- 'आय-एच' (एच मोठा): बसवतानाच तुटलं. याच्या पुढे तिसरं अक्षर मोठा 'आर' असेल तर ते पुन्हा बसवल्याशिवाय गत्यंतर नाही.

तपासणी: 'आय-यू' असलेली ओळ उरली नसेल तर चांगलं. उरली असेल तर बहुधा तिची डिपेंडन्सी आलेली नाही, ते टप्पा ५ मध्ये. 'आय-एफ' आणि 'आय-एच' ची नावं कागदावर लिहून ठेवा, ती टप्पा ७ ला लागतील.

## टप्पा ४: रेपोमधल्या दुबार आणि परक्या नोंदी

`सुडो ॲप्ट अपडेट`

ही कमांड लोक नुसती चालवतात, वाचत नाहीत. वाचा.

'कॉन्फिगर्ड मल्टिपल टाइम्स' म्हणजे एकच रेपो दोन ठिकाणी लिहिला आहे. संदेशात दोन्ही फाइलींची नावं आणि ओळींचे क्रमांक असतात, शोधाशोध करावी लागत नाही. उबुंटू २४.०४ पासून मुख्य रेपो `/ईटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्ट.डी/उबुंटू.सोर्सेस` या फाइलमध्ये असतात. जुन्या `/ईटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्ट` मध्ये कोणी त्याच ओळी परत चिकटवल्या की दुबार झालं. '.सोर्सेस' वाली नोंद ठेवा आणि जुन्या ओळीच्या आधी '#' टाका. ओळ पुसू नका, पुढे लागली तर सापडली पाहिजे.

ही नुसती सूचना आहे, तिने काही मोडत नाही. मोडतं ते 'कॉन्फ्लिक्टिंग व्हॅल्यूज... साइन्ड-बाय' आलं की. एकाच रेपोच्या दोन नोंदी वेगवेगळ्या किल्ल्या (रेपो खरा आहे हे पडताळणाऱ्या फाइली) दाखवत असतील तर ॲप्ट यादी वाचायलाच नकार देतं. काही प्रोग्रॅम बसताना स्वतःची रेपो फाइल स्वतः तयार करतात. तुम्ही आधी हाताने एक बनवलेली असेल तर हीच टक्कर होते. हाताने बनवलेलीच्या नावाला शेवटी '.डिसेबल्ड' जोडा, ॲप्ट तिच्याकडे बघणार नाही.

मग परके रेपो. प्रत्येक नोंदीतलं कोडनेम तुमच्या सिस्टिमचंच आहे का? २२.०४ चं 'जॅमी', २४.०४ चं 'नोबल'. मिंटचं कोडनेम वेगळं असतं, पण पीपीएला (कुणा व्यक्तीने किंवा गटाने चालवलेला जादा रेपो) उबुंटूचंच लागतं. मिंट २१ ला जॅमी, मिंट २२ ला नोबल. `/ईटीसी/ओएस-रिलीज` मध्ये ते लिहिलेलं असतं. डेबियनचा रेपो उबुंटूत किंवा उबुंटूचा पीपीए डेबियनमध्ये घातलेला दिसला, तर बाकी तपास नंतर करा, आधी तो बंद करा.

'हॅश सम मिसमॅच' आलं तर यादी अर्धवट उतरली आहे. `सुडो आरएम -आर /व्हार/लिब/ॲप्ट/लिस्ट्स/*` करून पुन्हा अपडेट. या फोल्डरमधलं सगळं परत उतरवता येतं, म्हणून चालतं. त्याच्या शेजारच्या '/व्हार/लिब/डीपीकेजी' ला मात्र हीच कमांड लावली तर संपलं. एंटर दाबण्याआधी मार्ग एकदा मोठ्याने वाचा.

तपासणी: 'ॲप्ट अपडेट' एकाही इशाऱ्याशिवाय पूर्ण व्हायला हवं. होत नसेल तर पुढच्या टप्प्याला जाऊ नका.

## टप्पा ५: डिपेंडन्सी सोडवा, पण आधी रंगीत तालीम

`ॲप्ट-गेट -एस -एफ इन्स्टॉल`

'-एस' मुळे काहीच बदलत नाही, काय होईल एवढं दिसतं. यातली 'विल बी रिमूव्ह्ड' ची यादी शब्द न शब्द वाचा. तिच्यात 'ग्नोम-शेल', 'सिनॅमन', 'नेटवर्क-मॅनेजर', 'सिस्टमडी' किंवा 'लिबसी६' यांपैकी काही दिसलं तर थांबा. ॲप्टच्या दृष्टीने तुटकी डिपेंडन्सी सोडवायचा एक मार्ग म्हणजे ती मागणारं सगळंच काढून टाकणं. गणित त्याचं बरोबर असतं, तुमचा डेस्कटॉप मात्र जातो. आणि 'येस, डू ॲज आय से!' हे अख्खं वाक्य टाइप करायला सांगितलं, तर सिस्टिमचा गाभाच काढायला निघालोय असं समजून बाहेर पडा.

यादी निरुपद्रवी असेल तरच:

`सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल`

'यू हॅव्ह हेल्ड ब्रोकन पॅकेजेस' आलं तर `ॲप्ट-मार्क शोहोल्ड` ने कोणतं पॅकेज रोखून ठेवलंय का पाहा. यादी रिकामी येते तेव्हा लोक गोंधळतात. हा संदेश होल्ड नसतानाही येतो. आवृत्त्या कशाही लावल्या तरी जुळत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी संदेशात नाव आलेल्या पॅकेजची चौकशी करा.

`ॲप्ट पॉलिसी (पॅकेजचं नाव)`

'इन्स्टॉल्ड' पुढे आत्ता बसलेली आवृत्ती, 'कँडिडेट' पुढे ॲप्ट बसवू पाहतंय ती, आणि खालच्या तक्त्यात कोणती आवृत्ती कुठल्या रेपोतून आली ते. बसलेल्या आवृत्तीखाली फक्त `/व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस` लिहिलेलं असेल, तर ती आज चालू असलेल्या कोणत्याच रेपोत नाही. ती बंद केलेल्या पीपीएची तरी आहे, किंवा हाताने बसवलेल्या डेबची. अशा सगळ्यांची यादी `ॲप्ट लिस्ट '?ऑब्सोलीट'` देते.

नेहमीचं उदाहरण घेऊ. 'लिबएसएसएल-डेव्ह' बसवायचं आहे आणि ॲप्ट म्हणतं, याला लायब्ररीची नेमकी अमुक आवृत्ती हवी, पण बसलेली तिच्यापेक्षा नवी आहे. 'डेव्ह' पॅकेजला मूळ लायब्ररीची तंतोतंत तीच आवृत्ती लागते. लोक लगेच लायब्ररी मागे न्यायला निघतात. पण नवी आवृत्ती बहुतेकदा सिक्युरिटी रेपोतून आलेली असते आणि नंतर कोणीतरी तो रेपोच बंद केलेला असतो. 'अपडेट्स' आणि 'सिक्युरिटी' दोन्ही रेपो चालू करा, ॲप्ट अपडेट करा, जुळून जातं. सुरक्षेची दुरुस्ती झालेली लायब्ररी मागे नेण्याची गरजच नाही.

आवृत्ती पीपीएतून आली असेल तर पीपीए नुसता बंद करून भागत नाही, पॅकेजेस तशीच राहतात. त्यासाठी 'पीपीए-पर्ज' हे साधन आहे.

`सुडो पीपीए-पर्ज पीपीए:(मालक)/(नाव)`

ते पीपीए बंद करतं आणि त्यातली पॅकेजेस अधिकृत आवृत्तीवर परत नेतं. एकटंदुकटं पॅकेज मागे न्यायचं तर `सुडो ॲप्ट इन्स्टॉल (नाव)=(आवृत्ती)`. आवृत्ती पॉलिसीच्या तक्त्यातून जशीच्या तशी उचला.

## टप्पा ६: एका फाइलवर दोन दावेदार

'ट्राइंग टु ओव्हरराइट... व्हिच इज ऑल्सो इन पॅकेज' ही खऱ्या अर्थाने दुबारची एरर. दोन पॅकेजेस एकच फाइल आपली म्हणतात. तिचा मालक `डीपीकेजी -एस (फाइलचा मार्ग)` ने कळतो, यातला 'एस' मोठा.

दोन्ही पॅकेजेस वेगवेगळ्या ठिकाणची असतील तर एक काढा, दुसरा मार्ग शोधू नका. दोन्ही एकाच सॉफ्टवेअरचे तुकडे असतील आणि नव्या आवृत्तीत ती फाइल एका तुकड्यातून दुसऱ्यात गेली असेल, तरच जबरदस्ती चालते.

`सुडो डीपीकेजी -आय --फोर्स-ओव्हरराइट /व्हार/कॅश/ॲप्ट/आर्काइव्ह्ज/(फाइल).डेब`

लगेच पाठोपाठ `सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल`. '--फोर्स-ऑल' कधीही वापरू नका, डीपीकेजीचे सगळे ब्रेक ते एकदम काढतं.

## टप्पा ७: हट्टी पॅकेज

'पोस्ट-इन्स्टॉलेशन स्क्रिप्ट... रिटर्न्ड एरर' म्हणजे पॅकेज बसलं, पण शेवटी चालणारी त्याची छोटी स्क्रिप्ट फसली. बहुतेकदा कारण पॅकेजबाहेरचं असतं. सर्व्हिस सुरू होत नाही, कारण तिच्या सेटिंग फाइलमध्ये तुम्हीच केलेली चूक आहे किंवा पोर्ट दुसऱ्याने अडवला आहे. `सिस्टमसीटीएल स्टेटस (सर्व्हिस)` आणि `जर्नलसीटीएल -यू (सर्व्हिस)` पाहा, ते दुरुस्त करा, आणि टप्पा ३ ची कमांड परत चालवा. स्क्रिप्ट उघडून तिच्यात वर 'एक्झिट ०' लिहायचा सल्ला सर्रास मिळतो. त्याने एरर गप्प होते, सर्व्हिस सुरू होत नाही.

'आय-एच' अवस्थेतल्याला आधी `सुडो ॲप्ट इन्स्टॉल --रीइन्स्टॉल (नाव)`. ते पॅकेज आता कुठल्याच रेपोत नसेल, आणि त्यावर महत्त्वाचं काही अवलंबून नसेल, तर:

`सुडो डीपीकेजी --रिमूव्ह --फोर्स-रिमूव्ह-रीइन्स्टरेक्यू (नाव)`

आणि डीपीकेजी 'स्टेटस' फाइलच वाचता येत नाही म्हणत असेल तर? `/व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस-ओल्ड` ही आधीची प्रत असते, आणि `/व्हार/बॅकअप्स` मध्ये त्याहून जुन्या. खराब फाइल दुसऱ्या नावाने बाजूला ठेवून शेवटची चांगली प्रत तिच्या जागी ठेवा आणि टप्पा ३ पासून पुन्हा सुरू करा.

## टप्पा ८: एकच ॲप दोन-तीनदा

मेनूत एकाच ॲपचे दोन आयकॉन दिसतात, कारण एक डेब असतं, एक स्नॅप किंवा फ्लॅटपॅक (स्नॅपसारखीच दुसरी पद्धत). `स्नॅप लिस्ट`, `फ्लॅटपॅक लिस्ट --ॲप` आणि `डीपीकेजी -एल` यांतून नावं जुळवा. टर्मिनलमधून कोणतं चालतं ते `टाइप -ए (नाव)` सांगतं.

काढण्याआधी तुमचा डेटा कोणात आहे ते पाहा. स्नॅपचा डेटा होममधल्या 'स्नॅप' फोल्डरमध्ये असतो, फ्लॅटपॅकचा '.व्हार/ॲप' मध्ये. बुकमार्क, पासवर्ड, प्रोफाइल आधी हलवा. 'स्नॅप रिमूव्ह' साधं केलं तर स्नॅप डेटाची प्रत काही काळ ठेवतं, '--पर्ज' लावलं तर ठेवत नाही.

पायथनचा दुबारपणा वेगळा आणि जास्त त्रासदायक. 'सुडो पिप' ने (पिप म्हणजे पायथनच्या लायब्ररी बसवणारं साधन) बसवलेल्या लायब्ररी '/यूएसआर/लोकल' मध्ये बसतात आणि सिस्टिमच्या लायब्ररीच्या आधी उचलल्या जातात. त्याहून वाईट म्हणजे '/यूएसआर/बिन/पायथन३' ची लिंक नव्या आवृत्तीकडे वळवणं. मग 'नो मॉड्यूल नेम्ड ॲप्ट_पीकेजी' येतं आणि रेपो जोडायची साधनंही बंद पडतात. लिंक मूळ आवृत्तीकडे परत न्या. नवी आवृत्ती हवीच असेल तर व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (सिस्टिमपासून वेगळा ठेवलेला पायथनचा कप्पा) वापरा.

## शेवटची तपासणी

`डीपीकेजी --ऑडिट`
`सुडो ॲप्ट-गेट चेक`
`ॲप्ट-गेट -एस अपग्रेड`
`सुडो डीपीकेजी --व्हेरिफाय`

पहिलीने काहीच छापू नये, पुढच्या दोन एररशिवाय संपाव्यात. शेवटची कमांड बदललेल्या फाइली दाखवते. मधे 'सी' अक्षर असलेल्या ओळी सेटिंगच्या फाइलींच्या, त्या तुम्ही बदललेल्या असू शकतात. 'सी' नसलेली ओळ '/यूएसआर' मधली असेल तर `डीपीकेजी -एस` ने (मोठा एस) तिचं पॅकेज शोधून रीइन्स्टॉल करा.

मग आधीची आणि आताची यादी ताडून पाहा.

`ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल | डिफ ~/मॅन्युअल-आधी -`

'<' ने सुरू होणारी प्रत्येक ओळ दुरुस्तीत गेलेलं एकेक पॅकेज आहे. हवी असलेली एका `सुडो ॲप्ट इन्स्टॉल` मध्ये ओळीने लिहून परत आणा, आणि टप्पा २ मधली जागेची अडचण सोडली तर 'ऑटोरिमूव्ह' चालवायचं ते त्यानंतरच.